बाबांचा होकार

माझे वडील वायरमन होते. भिवंडीतल्या कापड विणणाऱ्या चार-सहा लूम-कारखान्यांचं विजेचं काम त्यांच्याकडे असे. मोटार जळली, स्टार्टर अडकला की कारखान्यातून कुणीतरी सायकल मारत शेलार गावात आमच्या घरी येई आणि ओट्याखालूनच ओरडे, "मिस्त्री, चलो, आधा कारखाना बंद पडा है!" बाबा जेवत असले तरी ताटावरून उठत. आमच्या वस्तीत सगळे 'लाइट' म्हणत, बाबा 'करंट' म्हणत. तो शब्द ते आवाज थोडा उतरवून उच्चारत, घरातल्या एखाद्या तापट वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तसा. चालू लाइनवर काम करायची वेळ आली तर त्यांचा डावा हात पँटच्या खिशात असे. "दोन हात लावले की एकातून शिरतो, छातीतून जातो नि दुसऱ्यातून निघतो. मधी काळीज असतं," असं त्यांनी मला लहानपणीच सांगितलं होतं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. गावची शाळा, मग भिवंडीतलं हायस्कूल, मग कॉलेज. भौतिकशास्त्र घेतलं तेव्हा बाबांनी विचारलं, "त्यात काय शिकवतात?" मी वीज, चुंबक वगैरे सांगितलं. ते हसून म्हणाले, "म्हंजे माझंच काम. फक्त हात काळे न करता." त्यांच्या त्या काळ्या हातांच्या जिवावरच मी शिकले, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही त्याचा विसर पडलेला नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, मी पदवीधर झाले त्याच वर्षी, बाबा बसले. आजारी पडले असं म्हणता येईना, कारण ताप नव्हता, खोकला नव्हता. आधी ते कामावर उशिरा जाऊ लागले, मग एक दिवसाआड, मग जाईनातच. कारखान्याचा माणूस येऊन ओरडून थकून परत जाई. बाबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले. आईने ताट पुढे केलं की म्हणत, "मला नको. मी फुकट खातो."

"फुकट कसं? तुमच्या घरात तुमी जेवता," आई म्हणे.

"न्हाय. माझ्या हातनं माणूस गेलाय."

हे ऐकून आम्ही दोघी गोंधळून जायचो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात एक उत्तरेकडचा कामगार स्टार्टरच्या पेटीला चिकटून गेला होता. बाबा शेजारच्या शेडमधून धावत गेले होते, लाकडी फळी मारून त्यांनी त्याला सोडवलं होतं, पण उशीर झाला होता. त्या कारखान्याचं काम बाबांकडे नव्हतंच, दुसऱ्या मिस्त्रीकडे होतं. हे सगळ्या भिवंडीला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं. तरी आता ते सांगत, अर्थिंग मीच बघायला पाहिजे होती. मी त्यांना समजावून सांगायची, ते शांतपणे ऐकून घ्यायचे, आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

शेजारची कुणब्याची काकू आईला म्हणाली, "बाहेरचं हाय गं ते. पलीकडच्या पाड्यावर भगत हाय, दाखवून तरी ये."

आई काही बोलण्याआधी मीच म्हणाले, "काकू, आम्ही ते सगळं सोडलंय." आमच्या आजोबांच्या पिढीने देव, भगत, अंगारे सोडून विहाराची वाट धरली होती आणि बाबांना त्याचा फार अभिमान होता. दुखलं तर डॉक्टर, अडलं तर पुस्तक, असं त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. त्यामुळे डॉक्टरवर विश्वास ठेवणं आमच्या घरात धर्मासारखंच होतं.

भिवंडीतल्या डॉक्टरांनी टॉनिक आणि झोपेच्या गोळ्या दिल्या, मग त्यांनीच ठाण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांचा पत्ता दिला. आम्ही एसटीने कशेळीच्या पुलावरून ठाण्याला जाऊ लागलो. ते डॉक्टर भले माणूस होते. मराठीत बोलत, घाई करत नसत, बाबांना 'मिस्त्री' म्हणत. त्यांनी सांगितलं की हे नैराश्य आहे, मेंदूचा आजार आहे, मिस्त्री आळशी झालेले नाहीत की वेडेही झालेले नाहीत. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की बाहेर आल्यावर मी आईला तेच दोनदा सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. बाबांचं तोंड कोरडं पडे, हात कापत. गोळ्या बदलल्या, वाढवल्या. पावसाळा संपला, दिवाळी गेली, बाबा तसेच. उलट आता ते पाणीही मोजकंच पीत. त्यांचा शर्ट हँगरवर अडकवल्यासारखा दिसे.

मग एक दिवस डॉक्टरांनी आईला आणि मला बाजूला बसवलं. म्हणाले, "गोळ्यांनी होत नाही असं दिसतंय. ते असेच खायचे थांबले तर धोका आहे. शॉक ट्रीटमेंट द्यावी असं माझं मत आहे."

आईला कळलं नाही. "शॉक म्हंजे?"

मी म्हणाले, "आई, विजेचा."

"करंट?" आई ओरडलीच. "यांना? अहो डॉक्टर, हा मानूस करंटमधनं लोकांना सोडवतो!"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नीट समजावलं. दोन्ही कानशिलांना थोडा वेळ वीज देतात, फिट आल्यासारखं होतं, माणूस बेशुद्ध होतो, मग जागा होतो. आठवड्यातून दोन-तीनदा असं काही आठवडे करायचं. बऱ्याच जणांना गुण येतो. थोडं विसरायला होतं, बहुतेकदा ते परत येतं. कसा गुण येतो, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, "खरं सांगू? पूर्ण कुणालाच कळलेलं नाही." त्यांच्या या प्रामाणिकपणाचा मला आदर वाटला, आणि भीतीही.

आईने मात्र वेगळाच मार्ग काढला. "त्यापेक्षा ऑपरेशन न्हाय का होत? काय असंल ते काढून टाका. माझ्या भावाचं अपेंडिक्स काढलं, आठ दिवसांत नांगर धरला त्यानं."

ऑपरेशन आईला घरंदाज वाटत होतं. त्यात टाका असतो, पट्टी असते, लोक नारळपाणी घेऊन बघायला येतात. डॉक्टर म्हणाले, "आई, मेंदूचं ऑपरेशनही असतं. पूर्वी बरंच करायचे, त्यात नुकसानही पुष्कळ झालं. आता कशानेच गुण येत नाही अशा एखाद्यालाच, तेही मोठ्या शहरात. एकदा कापलेलं परत जोडता येत नाही. शॉक थांबवता येतो. आधी हे करून बघू."

"म्हंजे करंट त्यातल्या त्यात बरा," आई म्हणाली आणि पदराने तोंड पुसू लागली.

बाबांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी शिकलेली. मी कॉलेजच्या आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना जाऊन भेटले. सरांनी मला चहा पाजला आणि कागदावर डोक्याची आकृती काढून मी विचारेन ते सगळं समजावलं: वीज किती, किती वेळ, हाडातून किती अडते, हृदयाकडे का जात नाही. त्या सरांचे माझ्यावर फार उपकार आहेत. मी सगळं घोकून ठेवलं, कारण बाबा मोठा वाद घालतील याची मला खात्री होती.

पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या खोलीत मी सुरुवात केली, "बाबा, डॉक्टर म्हणतायत की विजेचा एक उपचार..."

बाबांनी मान वर केली. कित्येक दिवसांत त्यांनी कुणाकडे असं सरळ पाहिलं नव्हतं. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "कुठं लावता?"

"इथे आणि इथे." डॉक्टरांनी स्वतःच्या कानशिलांना बोटं लावली.

"दोन्ही बाजूंनी."

"हो."

"मधी मेंदू."

"हो, मधे मेंदू. पण मिस्त्री, त्याचं प्रमाण..."

"चालंल," बाबा म्हणाले. "कधी येऊ?"

मी घोकलेलं सगळं माझ्याकडेच राहिलं. खरं सांगायचं तर मी थोडी हिरमुसले. पण त्याहून जास्त अभिमान वाटला. करंटची ताकद ज्याला सगळ्यांत जास्त माहीत, तोच माणूस न घाबरता विज्ञानावर विश्वास ठेवतो आहे, असं मला वाटलं. एसटीत आईला मी तसं बोलूनही दाखवलं.

आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत तर घरात सणच असल्यासारखं झालं. बाबा उठले! त्यांनी दाढी केली. पिशवीतून पक्कड आणि टेस्टर काढला आणि घरभर फिरून कित्येक महिन्यांची कामं एकेक करून उरकली. मोरीवरचा लोंबता होल्डर बदलला. पाट्यावरवंट्याजवळची उघडी वायर खिळ्यांवरून वर घेतली. मला बोलावून म्हणाले, "ये, फ्यूज बांधायला शिक. दर वेळी कोन येनार तुझ्याकडं?" मी फ्यूज बांधला, त्यांनी उलटसुलट करून बघितला. "बरा हाय." मग ते विहारात जाऊन तिथली ट्यूब बदलून आले. धाकट्या काकांना बोलावून हत्यारांची पेटी देऊन टाकली. "ठेव तुझ्याकडं, गंजंल इथं."

काका मला बाहेर म्हणाले, "बघ गं, करंट लावायच्या आधीच बरा झाला हा! नुसत्या नावानं!" आई कधी नव्हे ते हसली. तिने त्या दिवशी बोंबलाचं कालवण केलं आणि बाबांनी दोन घास जास्त खाल्ले. आम्हाला इतका आनंद झाला होता की, उपचाराची आता खरंच गरज आहे का, असंही मी आईला विचारलं.

ठरलेल्या सकाळी आम्ही बाबांना उपाशीपोटी ठाण्याच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथे तेव्हा भूल देत नसत. बऱ्याच ठिकाणी तशीच पद्धत होती. आत जाण्याआधी वॉर्डातल्या बाईंनी अंगावरचं काढून ठेवायला सांगितलं. बाबांनी घड्याळ आईच्या हातात दिलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आईला जप. कुनाची चूक न्हाय यात, ध्यानात ठेव. डॉक्टरचीपन न्हाय."

"बाबा, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे," मी म्हणाले.

"तेवढं पन लागत न्हाय," बाबा म्हणाले आणि त्या बाईंच्या मागे गेले.

बाकावर आई घड्याळ पदरात धरून बसली. दाराच्या आडून काही मोठा आवाज आला नाही. मी कान देऊन बसले होते आणि काहीच ऐकू येत नाही याचं मला नवल वाटत होतं. थोड्या वेळाने त्यांनी आम्हाला आत घेतलं. बाबा कुशीवर झोपले होते, ओठाला किंचित फेस, श्वास घोरल्यासारखा. आईने पदराने तोंड पुसलं. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा एकदम घाबरा झाला.

"तू पन आलीस?" ते म्हणाले.

"आले म्हणजे? तुमच्याबरोबरच आले ना बाबा."

"तू कशी आलीस गं इथं? तुला कशाला घेतलं?" त्यांनी उठायची धडपड केली. "आईला एकटीच ठेवलीस?"

"अहो, ही काय मी," आई म्हणाली. "एसटीनं आलो न्हाय का सकाळी, तिघं? ठान्याला?"

बाबा आईकडे पाहत राहिले. मग त्यांनी पलंगाची लोखंडी दांडी चाचपली, स्वतःचं कपाळ चाचपलं. आणि लहान मुलासारखे रडू लागले. "म्हंजे न्हाय झालं," ते म्हणाले. "म्हंजे परत घरी."

आईला वाटलं ते गुंगीत बरळतायत. मलाही आधी तसंच वाटलं. मग ते दोन-तीन दिवस माझ्यासमोर एकेक करून उभे राहिले: होल्डर, ट्यूब, फ्यूज, हत्यारांची पेटी. बाबांना उपचार मान्य झाला नव्हता. दोन्ही बाजूंनी करंट आणि मधे मेंदू, याचा वायरमनच्या हिशेबाने एकच अर्थ होतो, आणि त्या अर्थाला त्यांनी होकार दिला होता. डॉक्टर करणार, कुणाला दोष नाही, घरच्यांना बोल नाही. आम्ही मात्र त्या होकाराच्या आनंदात बोंबलाचं कालवण केलं होतं.

मी ते आधी आईला सांगितलं, मग डॉक्टरांना एकटी जाऊन भेटले आणि सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मी त्यांच्याशी बोलतो. आता त्यांना कळलं असेल की यात माणूस जात नाही. पुन्हा विचारू."

पुन्हा विचारलं. बाबा भिंतीकडे पाहत म्हणाले, "करा. काय फरक पडतो."

हा होकार होता की नव्हता? मी तेव्हा ठरवू शकले नाही. आई म्हणाली, "खात न्हायत, पीत न्हायत. मला मानूस पायजे. कर म्हन त्यांना." संमतीच्या कागदावर सही आईने केली. आईला सही मीच शिकवलेली होती. उपचार पुढे चालू राहिला.

आणि गुण आला. किती खेपांनंतर ते आता आठवत नाही, पण एका सकाळी बाबांनी चहात साखर कमी आहे अशी तक्रार केली. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मग ते ओट्यावर बसू लागले. मग सायकल पुसली. तो मेलेला कामगार त्यांच्या बोलण्यातून गेला. मी एकदा भीत भीत विषय काढला तर म्हणाले, "वाईट झालं बिचाऱ्याचं. त्या मिस्त्रीनं अर्थिंग बघायला पायजे होती." इतकं साधं. महिनोन्महिने मी जे समजावत होते ते त्यांना कुणीही न समजावता समजलं होतं. कशाने? तो कुठला नट होता जो पिळला गेला? मला आनंद झाला होता, पण त्या आनंदावर पाय रोवून उभं राहता येत नव्हतं.

विसरणं मात्र मोठं होतं. आजाराचे शेवटचे काही महिने त्यांच्या डोक्यातून पुसल्यासारखे झाले होते. एकदा मोरीत उभं राहून त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "हा होल्डर कोनी लावला?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"चांगला लावलाय," बाबा म्हणाले. "काम जानतो मानूस."

हत्यारांची पेटी काकांनी गुपचूप आणून ठेवली. ती कुठे होती, हे बाबांनी विचारलंही नाही. आम्ही कुणी काही बोललो नाही. एवढ्या कष्टाने बरा झालेला माणूस, त्याला मुद्दाम काय सांगायचं? आईने तर शेजारीपाजारी एक गोष्ट सांगायला सुरुवात केली होती: "डॉक्टर बोलले करंट लावायचा, तर हे काय बोलले? चालंल, कधी येऊ! जरा पन भ्याले न्हायत." यात एक शब्द खोटा नव्हता. तीच गोष्ट बाबांच्या कानावर पडत राहिली, आणि ती त्यांचीही गोष्ट झाली.

कारखान्यात मस्करी व्हायचीच. "क्या मिस्त्री, अब हाथ लगाओ तो लूम चालू हो जाता है क्या?" लूमवरचा मुकादम, जॉबर, विचारायचा. दुसरा कुणी म्हणे, "बिल वीज बोर्डाला भरायचं का तुला?" बाबाही हसत. "तुझ्या डोक्याला लाव म्हणतो, पन तिथं वायरिंगच न्हाय." ते पूर्वीसारखेच बोलत होते. पूर्वीसारखेच होते का, हे मी बारकाईने बघायची. कधी वाटे, अगदी तेच. कधी एखादं जुनं नाव त्यांना आठवायचं नाही आणि ते मान झटकून पुढे जायचे, पूर्वी कधी झटकत नसत तशी. किंवा झटकतही असतील. मीच तेव्हा लक्ष दिलं नसेल.

पुढे लोक त्यांच्याकडे सल्ला विचारायला येऊ लागले. जवळच्या राहनाळ गावातल्या एका शेतकऱ्याची बायको बाळंतपणानंतर अशीच गप्प बसली होती. तिलाही डॉक्टरांनी शॉक सांगितलेला आणि घरात रडारड चाललेली. तो माणूस बाबांकडे आला. बाबा ओट्यावर ऐटीत बसून म्हणाले, "मी वायरमन. करंट काय चीज हाय ते तुझ्यापेक्षा मला ठावं. तरी मी एका शब्दात हो बोललो. मंग तू कशाला भितोस?" ती बाई उपचाराला गेली, तिला गुण आला, पुढच्या वर्षी मूल कडेवर घेऊन ती पेढे द्यायला आली. मी तो पेढा खाल्ला. ज्या होकाराच्या भरवशावर ती बाई बरी झाली, तो होकार तसा नव्हताच.

नव्वदच्या दशकात बाबा पुन्हा बसले. मी तेव्हा भिवंडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते, लग्न झालं होतं. आईचा निरोप आला, "ताट परत येतंय." मी गेले तर बाबा त्याच आतल्या खोलीत. आता नव्या गोळ्या आल्या होत्या, तोंड कोरडं न करणाऱ्या. त्या देऊन पाहिल्या. डॉक्टर तेच होते, केस पांढरे झालेले. काही महिन्यांनी ते म्हणाले, "मागच्या वेळी शॉकने फार छान गुण आला होता. आता तर आम्ही भूल देऊन करतो, स्नायू सैल करायचं इंजेक्शन देतो. काही कळतसुद्धा नाही."

बाबा म्हणाले, "नको."

आम्हाला वाटलं ऐकू आलं नसेल. काका म्हणाले, "अरे, तूच सगळ्यांना सांगत फिरतोस! मागच्या वेळी एका शब्दात गेलास."

"आता भीती वाटते."

"तुला? करंटची?"

त्या दिवसापासून बाबांनी नवाच धोशा लावला. पूर्वीचा तो कामगार या वेळी त्यांच्या बोलण्यात आला नाही, त्याच्या जागी हे आलं: "तवा मी मर्द होतो. आता माझ्यात काय उरलं न्हाय. पोरीला बापाची लाज वाटत असंल." आई त्यांना धीर द्यायला पुन्हा पुन्हा तीच गोष्ट सांगे, किती धीराचे होता तुम्ही, कसे ताठ मानेने आत गेलात. ती जितकं सांगे तितके बाबा आणखी मिटत. त्यांचं खाणं पुन्हा एका घासावर आलं. डॉक्टर मला म्हणाले, "जबरदस्ती मला करायची नाही. पण फार दिवस थांबूही नका."

मला दिसत होतं की ती जुनी गोष्टच आता त्यांना खाते आहे. आणि खरी गोष्ट फक्त मला, आईला आणि डॉक्टरांना माहीत. ती सांगावी तर, आज ज्याला जगणं नकोसं झालं आहे त्याला, तू एकदा मरायला निघाला होतास याची आठवण करून द्यायची. न सांगावी तर बाबा लाजेने उपाशी राहणार. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मी असतो तर... मला सांगता येत नाही, बाई. तुम्ही त्यांना जास्त ओळखता." मी ओळखत होते का?

एका दुपारी आई नळावर गेली होती. मी बाबांच्या उशाशी बसले. वरण-भात कालवून घेतला होता. त्यांनी तोंड फिरवलं.

"बाबा, तुम्ही मागच्या वेळी धीराचे नव्हता," मी म्हणाले.

मी ताट खाली ठेवलं.

"तुम्हाला वाटलं होतं, यात मराल. म्हणून तुम्ही हो म्हणालात. घरातली सगळी कामं उरकलीत, मला फ्यूज शिकवलात, पेटी काकांना देऊन टाकलीत. जागे झालात तेव्हा मला विचारलंत, तू पण आलीस? आणि जिवंत आहात हे कळल्यावर रडलात."

मला वाटलं होतं मी हे शांतपणे सांगेन. शेवटचं वाक्य ओरडूनच निघालं. बाबा हळूहळू कुशीवर वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखीच्या कारखान्यात अनोळखी मोटार बसवलेली दिसावी तसं.

"मोरीतला होल्डर?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच."

"आनि मला ठावं न्हाय." बाहेर कुणीतरी हंडा आपटला. "मंग मी लोकांना काय सांगत होतो एवढी वर्षं? ती राहनाळची बाई..."

"ती बरी झाली, बाबा."

"झाली खरी." त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं, हसू होतं की दुसरं काही ते मला कळलं नाही. "वायरमन असून मला एवढं कळलं न्हाय, की तेवढ्यानं मानूस जात न्हाय?"

"तेव्हा तुम्ही फार आजारी होता."

"तवा भीती वाटली न्हाय."

"नाही."

"आनि आता वाटते." ते विचार करत होते. शब्द सावकाश येत होते, मधे मधे थांबत. "मंग आता मी तवापेक्षा बरा हाय का गं?"

मी विज्ञानाची शिक्षिका. वर्गात मुलांनी काहीही विचारलं तरी मी काहीतरी सांगतेच. पण भीती वाटणं म्हणजे जगावंसं वाटणं का? की ती आजाराचीच दुसरी बाजू? मी म्हणाले, "मला माहीत नाही, बाबा. असेल."

त्यांनी भाताच्या ताटाकडे पाहिलं. खाल्लं नाही, पण ढकललंही नाही.

"भूल देतात बोलला ना डॉक्टर?"

"हो."

"सुई टोचून?"

"हो, हातात."

"तिची पन भीतीच वाटते मला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "शुक्रवारी ने. शुक्रवारी कारखाने बंद असतात, खाडा पडनार न्हाय."

कित्येक महिने ते कामावर गेलेच नव्हते. कसला खाडा? पण मी तसं म्हणाले नाही. आई हंडा घेऊन दारात आली तेव्हा बाबांनी तिला विचारलं, शुक्रवारी ठाण्याला जायची पहिली गाडी किती वाजता असते. आई माझ्याकडे बघत उभी राहिली. मी तिला वेळ सांगितली.